लाकडी किटमधून रिमोटचे विमान कसे उभे राहते

ऊसतोड सुरू झाली की कोल्हापूरच्या आसपास मोकळी झालेली शेते आणि गावोगावचे माळ सकाळी सातच्या सुमारास अगदी शांत असतात. अशा वेळी दीड मीटर पंखविस्ताराचे, घरी बांधलेले विमान जमिनीवरून सुटताना पाहून जमलेली माणसे पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो: याचा रिमोट किती लांबपर्यंत चालतो? प्रश्न स्वाभाविक आहे, पण विमान नीट उडते की नाही याच्याशी रिमोटचा संबंध सर्वांत कमी आहे. आजची रेडिओ यंत्रणा तयार मिळते, ती जोडायला एक संध्याकाळ पुरते आणि नीट बसवली तर ती सहसा दगा देत नाही. विमान सरळ उडेल की एका अंगाला ओढेल, सावकाश टेकेल की धाडकन पडेल, हे त्याआधीचे दोन महिने घरातल्या टेबलावर ठरत असते. ठरवणाऱ्या गोष्टीही दोनच आहेत: बांधणीतला सरळपणा आणि वजन. किट उघडण्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंतचे काम मी याच दोन गोष्टी धरून समजावून सांगणार आहे.

माझी नोकरी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये झाली. ओतकामाच्या वाळूत जो लाकडी नमुना दाबून साचा घेतात, तो नमुना करणे हे आमचे काम. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात ते जाणणारी माणसे पुष्कळ आहेत. लाकूड कोणत्या बाजूने आकसते, कुठे बाक घेते, जोड कधी सुटतो हे पॅटर्नमेकरच्या हाताला कळते, त्यामुळे विमानाचे किट पहिल्यांदा उघडले तेव्हा हे आपल्याच ओळखीचे काम आहे असे मला वाटले. एक फरक समजायला मात्र वेळ लागला. पॅटर्न टिकाऊ हवा, तो किती जड झाला याची कोणी फारशी चौकशी करत नाही. विमानात तसे चालत नाही.

वजनाचा हिशेब आधी मांडतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच घेतले जातात. समजा पंखाचा विस्तार १५० सेंटिमीटर आणि रुंदी २५ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ ३७५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साडेसदतीस चौरस डेसिमीटर झाले. विमानाचे वजन दीड किलो असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ४० ग्रॅम भार येतो, आणि शिकाऊ विमानाला हा भार चांगला मानवतो. आता हेच विमान जादा गोंद, जाड लाकूड आणि अनावश्यक मजबुतीमुळे दोन किलोचे झाले असे धरू. हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वजन एक तृतीयांशाने वाढले की तो वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. ऐकताना हे थोडे वाटते. पण जमिनीवर आदळताना जी ऊर्जा लाकडाला सोसावी लागते ती वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, आणि ती जवळजवळ पावणेदोन पट होते. मजबुतीसाठी चढवलेले वजनच विमान मोडायला कारण होते, ते असे. नवशिक्याला ही गोष्ट पटायला कठीण जाते, कारण आपल्याकडे दणकट म्हणजे चांगले अशी समजूत फार खोल रुजलेली आहे.

किटच्या खोक्यात बहुतांश बाल्साचे लाकूड असते. बाल्साचे झाड दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले असून जगाला लागणारे बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येते. आपल्या काटेसावरीच्याच कुळातले हे झाड इतके झपाट्याने वाढते की सहा-सात वर्षांत तोडणीला येते. सागवानाच्या एका घनमीटरचे वजन साधारण साडेसहाशे किलो भरते, तर विमानासाठी वापरायच्या बाल्साचे शंभर ते दोनशे किलो. हलक्या मानाने हे लाकूड फार ताठ असते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या ‘मॉस्किटो’ या खऱ्या लढाऊ विमानाच्या धडाचे कवच बर्च प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून केलेले होते. बाल्साशिवाय किटमध्ये इंजिनाच्या भिंतीसाठी आणि चाकांच्या आधारासाठी प्लाय, पंखाच्या लांब काठ्या, वाकवलेली तार आणि पूर्ण मापाचे ड्रॉइंग असते. मोटार, बॅटरी आणि रेडिओ बहुधा वेगळे घ्यावे लागतात.

शंभर ते दोनशे हा फरक मात्र लहान नाही. ३ मिलिमीटर जाड, १० सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर लांब अशी बाल्साची फळी ३० ग्रॅमची असू शकते आणि दिसायला अगदी तशीच दुसरी फळी ६० ग्रॅमची. म्हणून किट उघडल्यावर पहिले हत्यार हातात घ्यायचे ते कटर नव्हे, वजनकाटा. गुजरीत सराफांकडे असतो तसा दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा या कामाला उत्तम. अकरावीत शिकणारी माझी पुतणी गेल्या वर्षीपासून माझ्याबरोबर काम करते. तिने एका रात्री दोन्ही पंखांच्या फासळ्या, म्हणजे पंखाला आकार देणारे आडवे तुकडे, वेगवेगळ्या डब्यांत ठेवून तोलल्या आणि विचारले, “काका, आकार एकच, संख्या एकच, मग डाव्या पंखाच्या फासळ्या नऊ ग्रॅमनं जड कशा?” उत्तर सोपे होते. लेझरने कापताना डाव्या बाजूच्या फासळ्या एका फळीतून निघाल्या होत्या आणि उजव्या बाजूच्या दुसऱ्या. आम्ही सर्व फासळ्या टेबलावर ओतल्या, जड आणि हलक्या अशा जोड्या लावून दोन्हीकडे वाटल्या आणि फरक अर्ध्या ग्रॅमवर आणला. तसे केले नसते तर पुढे हलक्या पंखाच्या टोकात साडेचार-पाच ग्रॅम शिसे भरावे लागले असते, म्हणजे चूक झाकायला पुन्हा वजनच वाढवावे लागले असते.

फळी ओंडक्यातून कोणत्या दिशेने काढली आहे हेही पाहावे लागते. एका प्रकारच्या फळीवर लांब, सरळ रेषा दिसतात आणि ती रुंदीत सहज वळते. पंखाच्या पुढच्या कडेवर गोलाईने चढवायचे आवरण तिचे करावे. दुसऱ्या प्रकारच्या फळीवर चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसते. ती वळवायला गेले तर चिरते, पण सपाट राहण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, म्हणून फासळ्या आणि शेपटीचे भाग तिचे असावेत. किट बनवणाऱ्याने ही निवड केलेली असते असे गृहीत धरू नये. एखादा भाग चुकीच्या फळीतून आला असेल तर तोच भाग नव्या फळीतून पुन्हा कापायला दहा मिनिटे लागतात.

बांधणी सुरू होते ती पाटावर. त्याला बिल्डिंग बोर्ड म्हणतात. मी फ्लश डोअरचा एक तुकडा वापरतो, कारण तो जाड असतो आणि बाक घेत नाही. त्याच्यावर टाचण्या रुतण्यासाठी सॉफ्ट बोर्ड चिकटवलेला आहे. स्टीलची लांब पट्टी उभी धरून पाटावर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर फिरवावी, आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते पाहावे. पाटाला जो बाक असेल तो पंखात जसाच्या तसा उतरतो. पाटावर ड्रॉइंग पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून लावतात, म्हणजे गोंद कागदाला चिकटत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दमट हवेत कागद फुगतो आणि मीटरभर लांबीच्या ड्रॉइंगमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. ड्रॉइंग आणि कापलेल्या लाकडाच्या खाचा जुळत नसतील तर विश्वास लाकडावर ठेवावा.

पंखाचा खालचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी काठी, प्रथम ड्रॉइंगवर टाचण्यांनी धरतात. टाचणी काठीच्या आरपार न घालता दोन्ही बाजूंनी तिरकी रोवून काठी मधे पकडावी, कारण आरपार गेलेली टाचणी तंतू तोडते आणि पुढे पंख तिथेच मोडतो. मग एकेक फासळी खाचेत उभी करायची, गुण्या लावून ती काटकोनात आहे याची खात्री करायची आणि त्यानंतरच गोंद द्यायचा. सगळ्या फासळ्या उभ्या राहिल्या की वरच्या खाचांत वरचा स्पार बसतो. इथे बरेच जण पंखाचा सांगाडा झाला असे समजून पुढे जातात, पण पंखाची खरी ताकद अजून आलेलीच नसते.

ही ताकद कुठून येते ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. विमान हवेत असताना पंखांची टोके वर वाकू पाहतात. त्या वेळी वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दोन लाकडी फूटपट्ट्या एकावर एक ठेवून वाकवल्या तर त्या एकमेकींवरून घसरतात आणि सहज वाकतात. त्याच पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या तर वाकवायला कितीतरी जास्त जोर लागतो. पंखातही वरच्या आणि खालच्या काठीला परस्परांवरून सरकू द्यायचे नसते. त्यासाठी दोन फासळ्यांच्या मधल्या जागेत, वरच्या आणि खालच्या स्पारला जोडणारी बाल्साची पातळ, चौकोनी चकती चिकटवतात. तिला शिअर वेब म्हणतात. या चकत्या बसल्या की दोन सुट्या काठ्यांचा एक गर्डर होतो, शेडच्या छताखाली असतो तसाच, ज्यात वरची आणि खालची पट्टी भार घेते आणि मधली उभी भिंत त्यांना एकत्र बांधून ठेवते. चकतीतले लाकडाचे तंतू उभेच असले पाहिजेत. तंतू आडवे ठेवले तर स्पार एकमेकांच्या जवळ दाबले जाताना चकती तंतूंच्या रेषेत चिरते आणि मग तिचा काही उपयोग राहत नाही. सगळ्या चकत्यांचे मिळून वजन आठ-दहा ग्रॅम असते. ज्या मोडलेल्या पंखांचे तुकडे मी हातात घेऊन पाहिले आहेत, त्यांतल्या बहुतेकांत वेब नव्हते किंवा आडव्या तंतूंचे होते.

सरळपणाचा धडा मला माझ्या पहिल्याच विमानाने दिला. ते तीन चॅनेलचे, म्हणजे रिमोटवरून तीनच गोष्टी चालवता येणारे, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) नसलेले, रडरवर (उभ्या शेपटीच्या हलत्या भागावर) वळणारे साधे विमान होते. जुलै महिना होता, पांढरा गोंद सुकता सुकत नव्हता आणि टेबल दुसऱ्या कामाला हवे होते, म्हणून मी उजवा पंख टाचण्या काढून रात्रभर भिंतीला टेकवून ठेवला. सकाळी त्याच्या टोकाची मागची कड ८ मिलिमीटरने खाली उतरलेली होती. आवरण ताणले की तो पीळ निघून जाईल असे मी मनाशी ठरवले आणि पुढे गेलो. २५० मिलिमीटर रुंदीवर ८ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन अंश. सरळ उड्डाणात पंख उचल देतो ती जेमतेम चार-सहा अंशांच्या कोनावर, त्यामुळे दोन अंशांचा पीळ ही किरकोळ बाब नसते. डिसेंबरात विमान उडाले ते सतत डावीकडे कलत राहिले, कारण उजवे टोक जास्त उचल देत होते, आणि मला उजवे रडर धरून ठेवावे लागले. उतरायला वेग कमी केला तेव्हा मात्र ते डावीकडे न जाता अचानक उजवीकडे कोसळले. त्या वेळी मला याचा अर्थ लागला नाही. नंतर समजले की ज्या टोकाचा कोन जास्त असतो तेच टोक वेग कमी झाल्यावर सर्वांत आधी उचल गमावते, आणि उजवे रडर धरल्यामुळे तो पंख आणखी मंदावला होता. वेगात असताना जो पीळ विमानाला डावीकडे ढकलतो, तोच उतरताना त्याला उजवीकडे पाडतो.

म्हणून गोंद पूर्ण वाळेपर्यंत पंख पाटावरून काढायचा नाही, हा नियम मी आता कोणत्याही कारणाने मोडत नाही. पावसाळ्यात पांढऱ्या गोंदाला मी पूर्ण एक दिवस देतो आणि टाचण्यांच्या जोडीला फासळ्यांवर कडप्प्याचे छोटे तुकडे ठेवतो. काही किटमध्ये दोन्ही टोकांच्या मागच्या कडेखाली ३-४ मिलिमीटरची पट्टी सरकवून मुद्दाम उलटा, म्हणजे मागची कड वर उचलणारा पीळ देतात. त्याला वॉशआउट म्हणतात. टोकांनी सर्वांत शेवटी उचल सोडावी आणि विमान एका अंगाला न पडता नाकावर हळूच झुकावे, हा त्याचा हेतू असतो. अट एकच, की तो दोन्हीकडे तंतोतंत सारखा असावा.

पंखाचे दोन अर्धे भाग जोडताना ते एका सरळ रेषेत नसून टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. पाऊण मीटरच्या अर्ध्या पंखाला तीन अंशांचा चढ दिला तर टोक सुमारे ४ सेंटिमीटर वर जाते. विमान एका बाजूला कलले की ते त्या बाजूला घसरू लागते. घसरताना खाली गेलेल्या पंखाला हवा जास्त कोनातून भेटते, त्याची उचल वाढते आणि विमान आपोआप सावरते. शिकणाऱ्याची निम्मी काळजी हा चढ घेतो. जोडावर आतून प्लायची मजबूत पट्टी असते आणि तिथे मात्र हात आखडता न घेता इपॉक्सी वापरावे, कारण सगळ्या उड्डाणाचा ताण त्या चार बोटांच्या जागेत एकवटतो.

धडाचे काम पंखापेक्षा सोपे आहे. दोन बाजूच्या फळ्या, मधले आडवे फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या चौकटी) आणि पुढे मोटार धरणारी प्लायची भिंत असा तो एक लांब खोका असतो. ही भिंत ड्रॉइंगमध्ये दोन-तीन अंश उजवीकडे आणि थोडी खाली झुकलेली दाखवलेली असते. ती चूक समजून काटकोनात बसवण्याचा मोह आवरावा. प्रोपेलरच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढले जाते, त्याची भरपाई या कोनाने होते. शेपटी बसवताना घराचा पाया आखणाऱ्या गवंड्याची पद्धत उपयोगी पडते. गवंडी चारी बाजू मोजून थांबत नाही, दोन्ही कर्णांना दोरी लावून ते सारखे आहेत का ते बघतो. तसेच शेपटीच्या मध्यावर टाचणी रोवून दोरा एका पंखाच्या टोकापर्यंत न्यावा, खूण करावी आणि तीच खूण दुसऱ्या टोकाशी जुळते का ते पाहावे. जुळेपर्यंत पंखाची बैठक पॉलिश पेपरने घासावी. मागून पाहताना आडवी शेपटी पंखाशी समांतर आणि उभी शेपटी तिच्याशी काटकोनात दिसली पाहिजे.

शेपटीकडे वजन वाढू देऊ नये याचे कारण तराजूचे आहे. तोलबिंदूपासून शेपटी ७० सेंटिमीटर मागे आणि नाक २० सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीत वाढलेल्या १० ग्रॅमसाठी नाकात ३५ ग्रॅम भरावे लागतात. एकूण ४५ ग्रॅम वाढले, आणि ते दहा ग्रॅम म्हणजे बऱ्याचदा जास्त झालेला गोंदच असतो.

गोंदाविषयी थोडे. इन्स्टंट चिकटणारा पातळ गोंद, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. त्यामुळे कोल्हापुरी पावसाळ्यात तो अधिकच झटपट धरतो आणि उघडी बाटलीही लवकर निकामी होते. ती घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी. पांढऱ्या गोंदाचे उलट आहे, तो पाणी उडून गेल्यावरच वाळतो आणि दमट हवेत रेंगाळतो. मी फासळ्यांना पांढरा गोंद पसंत करतो, कारण तो भाग सरळ करायला वेळ देतो. लेझरने कापलेल्या कडा काळपट जळालेल्या असतात, त्या पॉलिश पेपरने एकदा हलक्या हाताने पुसून घेतल्या तर कोणताही गोंद जास्त चांगला धरतो. सांध्यातून बाहेर आलेला थेंब लगेच पुसावा. सुकलेल्या थेंबाने सांधा बळकट होत नाही, तो फक्त जड होतो.

सांगाडा २४० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, धूळ पूर्ण पुसून, त्यावर उष्णतेने आकसणारी रंगीत फिल्म चढवतात. तिच्यासाठी लहान इस्त्री मिळते. आधी कमी उष्णतेवर फक्त कडा चिकटवाव्यात आणि मग उष्णता वाढवून मधला भाग ताणून घ्यावा. प्रत्येक फिल्मला मानवणारे तापमान निराळे असते, म्हणून टाकाऊ बाल्सावर प्रयोग करून पाहावा. प्रथम खालची बाजू आणि नंतर वरची, म्हणजे सांधा वरून दिसत नाही. फिल्म पंखाला पिळही घालू शकते आणि पीळ काढूही शकते: पंखाला हाताने उलट्या दिशेने किंचित पिळून धरावे, दुसऱ्या माणसाने इस्त्री फिरवावी आणि गार होईपर्यंत हात सोडू नये. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा दोष असा निघतो. माझ्या ८ मिलिमीटरला मात्र हा उपाय पुरला नसता.

आता तो रेडिओ, ज्याच्याबद्दल सगळे आधी विचारतात. १९३७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम आणि वॉल्टर गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने उडवले, तेव्हा त्यांना रेडिओही स्वतःच बांधावा लागला होता. आज २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, आणि काडीपेटीएवढा रिसीव्हर एकमेकांशी एकदा जोडला की शेजारी दुसरे कोणी उडवत असले तरी गोंधळ होत नाही. रिमोटवरची काठी हलवली की रिसीव्हर संबंधित सर्व्होला, म्हणजे विमानाचा हलता भाग ओढणाऱ्या छोट्या मोटारीला, सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक छोटा विद्युत स्पंद पाठवतो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होचा हात मधोमध राहतो, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला आणि दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला जातो. सर्व्होच्या हातापासून शेपटीपर्यंत जाणारी तार किंवा काठी मधे कुठेही लवता कामा नये, एवढे पाहिले की झाले.

दीड किलोच्या शिकाऊ विमानाला सुमारे ३०० वॅट पुरतात. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची असते. ती २५ अँपिअर देते तेव्हा साधारण तेवढी शक्ती मिळते. २२०० मिलीअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी पूर्ण जोरावर पाच मिनिटांत संपते, पण उड्डाणाचा बराचसा वेळ अर्ध्या जोरावर जात असल्याने सात-आठ मिनिटे निश्चिंतपणे मिळतात. ही बॅटरी चार्ज होत असताना तिला एकटे सोडू नये, चार्जर फरशीवर ठेवावा, एका सेलचा दाब ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये आणि उडवायचे नसेल तेव्हा ती प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. टेबलावर रेडिओ लावताना प्रोपेलर काढून ठेवावा. हे मी कोणालाही हात जोडून सांगतो, कारण चुकून फिरलेला प्रोपेलर बोटे तोडू शकतो.

सगळे बसवल्यावर, बॅटरीसकट, तोल पाहायचा. २५ सेंटिमीटर रुंदीच्या पंखात पुढच्या कडेपासून साडेसहा ते आठ सेंटिमीटरवर दोन्हीकडे एकेक बोट ठेवून विमान उचलावे. ते आडवे किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहिले पाहिजे. शेपटी खाली जात असेल तर उडवू नये. नाकात वजन भरण्यापूर्वी बॅटरी पुढे सरकवून पाहावी. चांगल्या किटमध्ये त्यासाठी जागा ठेवलेली असते. मग विमानाच्या मागे उभे राहून रिमोटची काठी उजवीकडे न्यावी: उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. काठी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर, म्हणजे आडव्या शेपटीचा हलता भाग, वर उचलला गेला पाहिजे. उलटे जोडलेले एलेरॉन जमिनीवर सहज नजरेतून सुटतात आणि हवेत ते ओळखायला दोन सेकंदही मिळत नाहीत. ट्रान्समीटर बंद केला तर मोटार आपोआप थांबते का, तेही पाहून घ्यावे.

जागा निवडताना केवळ मोकळा माळ पुरेसा नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि २ किलोपर्यंतची विमाने मायक्रो वर्गात मोडतात, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतचाच भाग विनापरवानगी उडवण्याचा हिरवा विभाग धरलेला आहे. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून असल्याने आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे आहे. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासून, शेताच्या मालकाला विचारून मगच जावे. शेजारी उभा ऊस असेल तर ती जागा टाळावी. उसात पडलेले विमान दहा फुटांवरूनही दिसत नाही आणि पाल्याने हात कापतात. तशी वेळ आलीच तर विमान जिथे दिसेनासे झाले त्या दिशेला लांबचे एखादे झाड हेरून नजर तिथेच खिळवावी, सोबत्याला त्या रेषेत आत पाठवावे आणि आपण बांधावरून एलिव्हेटरची काठी हलवत राहावी, म्हणजे सर्व्होच्या घरघरीवरून त्याला ठिकाण सापडते.

पहिले उड्डाण जाणत्या माणसाच्या हातून करून घ्यावे. पुतणीचे विमान मी उडवले, तेव्हा तिने घरी सिम्युलेटरवर बरेच आठवडे हात बसवलेला होता, तरी पहिली पाच मिनिटे ती फक्त शेजारी उभी राहून बघत होती. विमान वाऱ्याच्या तोंडाशी धरून सुटले, पुरेशा उंचीवर जाऊन मी काठ्यांवरचा जोर सोडला आणि ते किंचित डावीकडे झुकत राहिले. रिमोटवरच्या ट्रिमच्या (काठीची मधली जागा किंचित सरकवणाऱ्या बटणाच्या) उजवीकडे दोन टिचक्या दिल्यावर ते सरळ चालले. उतरल्यावर आम्ही त्याच माळावर सतरंजी पसरून एलेरॉनची कड किती सरकली आहे ते पट्टीने मोजले. ती अर्धा मिलिमीटरही नव्हती. तिने सळीच्या टोकाचा क्लेव्हिस, म्हणजे सळी एलेरॉनला जोडणारा आकडा, अर्धा फेरा फिरवला, ट्रिम पुन्हा मधोमध आणली आणि दुसरी बॅटरी जोडली.